ओलावा मोजणाऱ्या यंत्रातील संकेतांची भेसळ : ओळखावी कशी, टाळावी कशी?

(जालना जिल्ह्यातील मोसंबी बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठिबक संचाबरोबर जमिनीतील ओलावा मोजणारी यंत्रे आता आपल्या बागांत येऊ लागली आहेत. जमिनीत सेन्सर पुरतात, त्यांच्या वायरी बांधावरच्या एका डब्यात येतात, डबा दर तासाला आकडे नोंदवतो आणि ते मोबाईलवर दिसतात. या डब्याला डाटा लॉगर म्हणतात. पाणी केव्हा द्यावे, किती द्यावे, हे ठरवायला त्याची चांगली मदत होते. बदनापूर, अंबड, घनसावंगी, जालना या तालुक्यांत पाण्याचा एकेक तास मोलाचा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर लावूनही हातच्या बागा गेलेल्या आपण पाहिल्या. मोसंबीचे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात आणि वाळायला एक उन्हाळा पुरतो. म्हणून मोजून पाणी देणे शहाणपणाचेच आहे.

पण मोजणारे यंत्रच चुकीचे बोलू लागले तर? आज मी याच एका दोषाविषयी बोलणार आहे. एका सेन्सरचा संकेत दुसऱ्या सेन्सरच्या आकड्यात मिसळतो. इंग्रजी पुस्तकांत याला क्रॉसटॉक म्हणतात. आपण संकेतांची भेसळ म्हणू. पूर्वी घरच्या फोनवर आपण मुलाशी बोलत असताना मध्येच कुणा अनोळखी माणसाचे बोलणे ऐकू यायचे, ते आठवा. तोच प्रकार इथे आहे. फरक इतकाच की फोनवर आवाज परका आहे हे कळत होते. इथे आकडा परका आहे हे कळत नाही.

एका बागेची गोष्ट

हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही. एका बागेचे नुकसान झाल्यावर शिकलो आणि त्यात चूक माझी होती, म्हणून आधी तीच सांगतो.

आपल्याच जिल्ह्यातील एका बागायतदाराची चार एकर मोसंबी आहे. बागेचे दोन गट. पश्चिमेच्या गटावर मृग बहाराची फळे होती, म्हणून तिथे पाणी चालू होते. पूर्वेचा गट आंबे बहारासाठी डिसेंबरमध्ये ताणावर सोडला होता. दोन्ही गटांत एक-एक फूट खोलीवर सेन्सर होते. पश्चिमेचा सेन्सर डब्याच्या तिसऱ्या चॅनेलला, पूर्वेचा चौथ्या चॅनेलला जोडलेला होता.

ताणाला महिना झाला तरी पूर्वेचा ओलावा २९ ते ३१ टक्के दिसत होता. त्यांनी मला आलेख पाठवला. मी तो महाविद्यालयातल्या टेबलावर बसून पाहिला आणि फोनवर सांगितले, "ताण बसलेला नाही. पश्चिमेच्या गटातून पाणी पाझरत असावे. मध्ये चर खोदा आणि आठ-दहा दिवस थांबा." त्यांनी मजूर लावून दोन्ही गटांच्या मधे चर काढला. चरात पाण्याचा थेंब आला नाही. आकडा मात्र तिथेच राहिला.

त्यांचे वडील रोज बागेत फिरत. त्यांनी मुलाला सांगितले, "अरे, पानं बघ. डबा काय बघतोस?" मुलाने माझा हवाला दिला. दहाव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. मी गेलो तेव्हा झाडाखाली पानांचा थर पडला होता आणि शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागल्या होत्या. गिरमिटाने माती काढली. एक फुटावर ती कोरडी ठक्क होती. हातात दाबली तर गोळा होईना.

मी सेन्सर उकरून काढला आणि हवेत धरला. मोबाईलवर आकडा आला २९ टक्के. सेन्सर हवेत आणि ओलावा २९ टक्के! मग वायर तपासत गेलो. बांधाजवळ घुशीने ती कुरतडून तोडली होती. म्हणजे चौथ्या चॅनेलला सेन्सरच जोडलेला नव्हता. मग आकडा कुठून येत होता? शेजारच्या तिसऱ्या चॅनेलचा. पश्चिमेला पाणी सोडले की तिसरा चढत होता आणि त्याच्या पाठोपाठ चौथाही. ज्याला मी पाझर समजलो, ती संकेतांची भेसळ होती.

माझ्याकडे पाहून वडील एवढेच म्हणाले, "सर, मुकं माणूस दुसऱ्याच्या आवाजात बोलत होतं, असं झालं म्हणायचं." यापेक्षा नेमके वर्णन मला आजही करता येत नाही.

हलके हलके पाणी सुरू केले, वाळलेल्या फांद्या काढून कापांवर बोर्डो पेस्ट लावली. झाडे वाचली. पण त्या वर्षी पूर्वेच्या गटाचा बहार निम्म्यावर आला.

डबा आकडे कसा वाचतो?

दोष ओळखायचा तर यंत्राचे काम थोडे समजून घेतले पाहिजे.

जमिनीतील सेन्सर सरळ पाणी मोजत नाही. मातीचे विद्युत गुणधर्म मोजतो. कोरड्या मातीचा विद्युत स्थिरांक ३ ते ५ असतो, हवेचा १ आणि पाण्याचा सुमारे ८०. म्हणून मातीत पाणी वाढले की सेन्सरचे उत्तर बदलते. ते उत्तर मिलिव्होल्टमध्ये वायरीतून डब्यापर्यंत येते. जुन्या पद्धतीच्या जिप्सम ठोकळ्यात दोन तारांमधला रोध मोजला जातो. ठोकळा कोरडा होत गेला की रोध वाढत जातो.

डब्यात आठ किंवा सोळा चॅनेल असले तरी बहुतेक डब्यांत मोजणारा भाग एकच असतो. एक इलेक्ट्रॉनिक स्विच त्याला पाळीपाळीने एकेका चॅनेलला जोडतो. एका मोटारीवर आठ व्हॉल्व्ह असावेत आणि एकेक उघडत जावा, तसे हे काम आहे. या मोजणाऱ्या भागात विजेची एक बारीकशी साठवण असते. प्रत्येक पाळीला ती साठवण नव्या सेन्सरच्या पातळीवर यायला हवी. त्यासाठी थोडा वेळ लागतो.

पाच वाटा

भेसळ मुख्यतः पाच वाटांनी होते.

१) मागील पाळीचा उरलेला अंश. तणनाशक फवारलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने कपाशीवर औषध मारले तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. २,४-डी चा थोडा अंशही कपाशीची पाने वाकडी करतो. डब्यातही तेच घडते. मागच्या चॅनेलची पातळी साठवणीत उरते आणि पुढच्या आकड्यात उतरते. सेन्सरचा रोध जास्त आणि वायर लांब असेल तर हा दोष वाढतो. हिशेब करून पाहू. साध्या केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड साठवण असते. १०० मीटर केबलची झाली १०,००० पिकोफॅरॅड. कोरड्या जिप्सम ठोकळ्याचा रोध १ लाख ओहम धरला तर पातळी स्थिरावण्याचे माप निघते १ मिलिसेकंद. अचूक आकड्यासाठी त्याच्या नऊ-दहा पट, म्हणजे ९ ते १० मिलिसेकंद थांबावे लागते. डबा त्याआधीच पुढच्या चॅनेलवर गेला तर आकडा अर्धवट राहतो आणि त्यात मागच्याचा अंश येतो.

२) उघडा चॅनेल. वायर तुटलेली असेल किंवा चॅनेल रिकामा सोडलेला असेल तर साठवणीतली मागची पातळी बदलायला कोणीच नसते. मग तो चॅनेल शेजाऱ्याचाच आकडा सांगत बसतो. वर सांगितलेल्या बागेत हेच झाले. हा सर्वांत फसवा प्रकार आहे. तुटलेला सेन्सर शून्य दाखवील, अशी आपली समजूत असते. तो शून्य दाखवीलच असे नाही.

३) सामायिक परतीची वायर. वायर वाचवण्यासाठी तीन-चार सेन्सरना ऋण टोकाची एकच वायर दिली जाते. अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध १०० मीटरला सुमारे साडेतीन ओहम असतो. एक सेन्सर १० मिलिअँपिअर घेत असेल तर त्या वायरीत ३५ मिलिव्होल्ट पडतात. शेजारचे आणखी दोन सेन्सर त्याच वेळी चालू झाले तर आपल्या सेन्सरच्या आकड्यात ७० मिलिव्होल्ट जादा मिसळतात. ज्या सेन्सरचे १,००० मिलिव्होल्ट म्हणजे ५० टक्के ओलावा, त्यात ७० मिलिव्होल्ट म्हणजे साडेतीन टक्के ओलावा झाला. पाणी द्यायचे की नाही हे पाच-सहा टक्क्यांच्या फरकावर ठरते, तिथे ही चूक लहान नाही. शिवाय ती जमीन आहे त्यापेक्षा ओली दाखवते, म्हणजे पिकाच्या विरोधात जाते.

४) शेजारून जाणाऱ्या वायरी. सेन्सरची केबल आणि मोटारीची केबल एकाच पाइपात किंवा एकाच चरात टाकली तर मोटारीच्या केबलमधील प्रवाहाचा परिणाम सेन्सरच्या वायरीत उमटतो. स्टार्टर ओढताना झटका बसतो. सौर पंपाचा कंट्रोलर किंवा गती बदलणारा ड्राइव्ह असेल तर त्रास अधिक होतो, कारण ही साधने सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात.

५) ओल आणि गंज. जोडपेटीत पाणी शिरले, मुंग्यांनी माती भरली, तारेच्या टोकांवर हिरवा गंज चढला की एका स्क्रूवरून दुसऱ्या स्क्रूकडे वीज झिरपते. पावसाळ्यात बिघाड आणि हिवाळ्यात ठीक, असे असेल तर आधी जोडपेटी उघडावी. दोन सेन्सर जमिनीत एकमेकांना अगदी चिकटून पुरले असतील तर मातीतूनही एकमेकांवर परिणाम होऊ शकतो. निदान एक फूट अंतर ठेवावे.

संशय केव्हा घ्यावा?

पुढील लक्षणे दिसली तर आकड्यावर विसंबू नये.

- पाणी न दिलेल्या गटाचा आलेख पाणी दिलेल्या गटाबरोबर त्याच तासाला चढतो. मातीतून पाणी पाझरायला काही तास ते काही दिवस लागतात. विजेची भेसळ त्याच क्षणी दिसते. हा फरक मी त्या वेळी पाहिला असता तर चर खोदावा लागला नसता.
- दोन खोल्यांवरचे आकडे नेहमी बरोबरीने चालतात. एक फुटावरचा ओलावा आधी आणि दोन फुटांवरचा नंतर बदलायला हवा.
- मोटार चालू होताच आकडा उडी घेतो आणि बंद होताच खाली येतो.
- सेन्सर काढला तरी आकडा येतच राहतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग नेमकी सेन्सरजवळ पडली तर तिथे हवा शिरते आणि आकडा एकदम घसरतो. ती भेसळ नव्हे. सेन्सर जागा बदलून, माती नीट दाबून पुन्हा बसवावा.

तपासणी : पायरी पायरीने

महागडे यंत्र लागत नाही. पाण्याची बादली, साधा मल्टीमीटर, वायरीचा वीतभर तुकडा, वही आणि पेन एवढे पुरे. प्रत्येक पायरीनंतर सर्व चॅनेलचे आकडे वहीत लिहावेत. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिली पायरी : मातीला विचारा. सेन्सरपासून हातभर अंतरावर, त्याच खोलीची माती गिरमिटाने काढावी. हातात दाबून गोळा होतो का पाहावे. नेमका आकडा हवा असेल तर माती प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून वजन करावी व प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. ओली माती १२० ग्रॅम आणि वाळलेली १०० ग्रॅम भरली तर ओलावा वजनाने २० टक्के. सेन्सर मात्र आकारमानाने सांगतो. म्हणून या आकड्याला मातीच्या घनतेने गुणावे. घनता १.३ असेल तर २० गुणिले १.३ म्हणजे २६ टक्के. हे न करता दोन आकड्यांची तुलना केली तर चांगला सेन्सरही खोटा ठरेल.

दुसरी पायरी : बादलीची परीक्षा. एक सेन्सर बाहेर काढून पुसावा व हवेत धरावा. आकडा अगदी खाली यायला हवा. मग तो पाण्याच्या बादलीत बुडवावा. आकडा वर जायला हवा. या वेळी नजर मात्र इतर चॅनेलवर ठेवावी. बादलीतल्या सेन्सरबरोबर दुसरा एखादा चॅनेल हलला तर त्या दोघांत भेसळ आहे, हे ठरले. असे प्रत्येक सेन्सरचे करावे. सहा सेन्सरला अर्धा दिवस जातो, पण सर्व चित्र स्पष्ट होते.

तिसरी पायरी : अदलाबदल. संशयित सेन्सरची वायर डब्यातील दुसऱ्या चॅनेलला आणि तिथली वायर याला लावावी. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर किंवा त्याची केबल बिघडली. दोष जुन्याच चॅनेलवर राहिला तर डबा तपासावा. मग सेन्सर सरळ डब्याजवळ आणून आखूड वायरीने जोडावा. दोष गेला तर केबल दोषी.

चौथी पायरी : शून्याची परीक्षा. संशयित चॅनेलची सेन्सरची वायर काढावी आणि वायरीच्या तुकड्याने तो चॅनेल डब्याच्या ऋण टोकाला जोडावा. आकडा शून्यावर आला पाहिजे. आला तर चॅनेल उघडा पडला होता किंवा मागचा अंश घेत होता. तरीही आकडा येत असेल तर डब्याच्या आत बिघाड आहे. तो विक्रेत्याकडेच पाठवावा. ही परीक्षा फक्त सेन्सर वाचणाऱ्या टोकावर करावी. सेन्सरला वीज देणाऱ्या टोकाला ऋण टोक कधीही जोडू नये.

पाचवी पायरी : मोटारीची परीक्षा. पाच मिनिटे मोटार बंद, पाच मिनिटे चालू, असे तीन वेळा करावे. पाणी ठिबकमध्ये न सोडता परत विहिरीत किंवा शेततळ्यात सोडावे, म्हणजे जमिनीचा ओलावा बदलणार नाही. तरीही आकडे हलले तर विजेचा परिणाम आहे. स्टार्टर पेटीत स्वतः हात घालू नये. ते काम वायरमनचे आहे.

सहावी पायरी : क्रम बदला. डब्याच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर प्रत्येक चॅनेल दोनदा वाचायला लावावा आणि पहिला आकडा सोडून दुसरा घ्यावा. मधला थांबण्याचा वेळ वाढवावा. जमिनीचा ओलावा तासातासाने बदलतो. तिथे मिलिसेकंदांची घाई कशाला? वेळ वाढवताच आकडे वेगळे झाले तर पहिल्या प्रकारची भेसळ होती, हे सिद्ध होते.

पाऊसमापकातील भेसळ

स्वयंचलित पाऊसमापकात हा दोष वेगळ्या रूपाने येतो. त्यात दोन वाट्यांचे लहानसे तराजू असते. वाटी भरली की उलटते आणि एक ठोका नोंदला जातो. एक ठोका म्हणजे काही यंत्रांत ०.२ मिलिमीटर, काहींत ०.५ मिलिमीटर पाऊस. याच्या वायरीत मोटारीचा झटका शिरला तर यंत्र त्यालाही ठोका समजते आणि कोरड्या दिवशी पाऊस लिहिते.

तपासणी सोपी आहे. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१४ मिलिलिटर पाणी. एवढे पाणी मोजून अगदी बारीक धारेने, अर्ध्या तासात ओतावे. ०.५ मिलिमीटरच्या यंत्रात २० ठोके आणि ०.२ च्या यंत्रात ५० ठोके पडायला हवेत. नंतर पाणी न ओतता मोटार पाच वेळा चालू-बंद करावी. एकही ठोका पडता कामा नये.

महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात हवामान केंद्रांच्या नोंदींना महत्त्व आहे. अशा केंद्राला आपण हात लावू नये. पण आपल्या शेतात साधा, हाताने मोजायचा पाऊसमापक ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचून तारीखवार वही ठेवावी. तो वीज मागत नाही, त्यात भेसळ होत नाही आणि शंका आली तर बोलायला आपल्याजवळ काही तरी लेखी असते.

जोडणी करतानाच घ्यायची काळजी

१) सेन्सरसाठी पिळाच्या जोडवायरी आणि वरून जाळीचे आवरण असलेली केबल घ्यावी. जाळीचे टोक फक्त डब्याच्या बाजूला अर्थ करावे. दोन्ही टोके अर्थ केली तर जाळीतूनच प्रवाह फिरतो आणि नवा त्रास सुरू होतो.

२) मोटारीच्या केबलपासून निदान दोन फूट अंतर ठेवावे. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

३) शक्य तिथे प्रत्येक सेन्सरला स्वतःची परतीची वायर द्यावी.

४) वापरात नसलेले चॅनेल उघडे सोडू नयेत. वायरीच्या तुकड्याने ऋण टोकाला जोडून ठेवावेत.

५) ताणावरचा आणि पाण्याखालचा गट डब्यात शेजारी-शेजारी जोडू नये. मधे ऋण टोकाला जोडलेला एक रिकामा चॅनेल ठेवावा. तो शून्य दाखवत राहिला तर डबा ठीक आहे. तो हलला तर समजावे, घरात चोर शिरला.

६) केबल पाइपातून न्यावी आणि पाइपाची तोंडे बुजवावीत, म्हणजे घूस-उंदीर शिरणार नाहीत. जोड जमिनीत पुरू नयेत. पुरावेच लागले तर जलरोधक जोड वापरावा.

७) डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बदलाव्यात. वायरी खालच्या बाजूने डब्यात घ्याव्यात, म्हणजे पाणी ओघळून आत जाणार नाही.

८) प्रत्येक वायरीवर पक्क्या शाईने गट, खोली आणि चॅनेल लिहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण पुढचे पाच दिवस वाचवते.

खरेदी करताना विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. वायर तुटली तर डबा ते सांगतो का? दोन वाचनांमधला वेळ वाढवता येतो का? सेन्सरला स्वतंत्र परतीची वायर आहे का? आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो? आता आकड्यांच्या भाषेत बोलणारे डिजिटल सेन्सरही मिळतात. त्यांत भेसळ खूपच कमी होते, कारण सेन्सर मिलिव्होल्ट न पाठवता तयार आकडा पाठवतो. पण एकाच वायरीवर अनेक सेन्सर असतील तर प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवा. दोन सेन्सरना एकच पत्ता दिला तर दोघे एकदम बोलतात आणि डब्याला काहीच नीट कळत नाही.

शेवटी एक विनंती

बंधू-भगिनींनो, हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग ही यंत्रे हवीतच कशाला? मी तसे म्हणत नाही. ज्या बागेची गोष्ट मी सांगितली, तिथे आजही तोच डबा आहे. तुटलेली केबल बदलली, ती पाइपात घातली, चौथा चॅनेल रिकामा करून ऋण टोकाला जोडला आणि पूर्वेचा सेन्सर पाचव्याला नेला. खर्च केबलचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा झाला. पुढच्या वर्षी ताण वेळेवर सुटला आणि बहार चांगला आला.

पण त्या घरी एक नवा नियम झाला आहे. ताणाच्या दिवसांत दर आठवड्याला मुलगा डब्यातले आकडे वहीत लिहितो आणि वडील शेजारच्या रकान्यात गिरमिटाची माती व झाडाची पाने पाहून आपले मत लिहितात. हलक्या-मध्यम जमिनीत ताणाला साधारण ३० ते ४५ दिवस आणि भारी जमिनीत ५० ते ६० दिवस लागतात. पाने फिकी पडून साधारण चौथा हिस्सा गळली की ताण पुरे झाला, असे समजतात. दोन्ही रकाने जुळले तर पाण्याचा निर्णय होतो. जुळले नाहीत तर बादली बाहेर निघते.

मी स्वतःसाठीही एक नियम केला आहे. बाग पाहिल्याशिवाय फक्त आलेखावरून ताण वाढवण्याचा सल्ला मी आता कोणालाही देत नाही. तुम्हीही माझ्यासारख्या माणसाने फोनवर सांगितले म्हणून थांबू नका. आधी गिरमिट लावा, माती हातात घ्या. शंका राहिली तर आकड्यांची वही आणि मातीचा नमुना घेऊन बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

यंत्र आपला गडी आहे. चांगल्या गड्याचेही काम मालकाने अधूनमधून बांधावर जाऊन पाहावे लागते. या महिन्यात एक दिवस काढा, बादली भरा आणि आपला प्रत्येक सेन्सर स्वतःच्याच आवाजात बोलतो ना, याची खात्री करून घ्या.